पाय दुखतो, पण कारण सापडत नाही: तपासाची वाट कशी धरावी

माझा उजवा तळपाय अडीच वर्षं दुखत होता. सुरुवातीलाच काढलेल्या एक्स-रेत टाचेच्या हाडाला लहानशी चोच दिसली आणि 'टाच वाढलीय' असं दुखण्याचं नाव पडलं. पुढे बहुतेक दवाखान्यांत त्या नावावरच उपचार झाले. टाचेत दोन इंजेक्शनं घेतली, मऊ चपला घेतल्या, रोज रात्री मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसले.

दुखण्याचं मूळ टाचेत नव्हतंच. घोट्याच्या आतल्या बाजूने, हाडाच्या मागून जो मज्जातंतू तळव्यात उतरतो, त्याच्यावर एक छोटी गाठ दाबत होती. माझा तळवा रात्री पेटायचा, इतका की झोपेतून उठून गार फरशीवर पाय टेकावा लागे. सकाळी मात्र पहिलं पाऊल सहज पडायचं. नेहमीच्या टाचदुखीत बरोबर उलट होतं, सकाळचं पहिलं पाऊलच सगळ्यात जास्त दुखतं. 'कधी दुखतं?' हे मला कुणी नीट विचारलं नाही, आणि मीही ते आपणहून सांगितलं नाही.

मी शाळेत शिकवते, डॉक्टर नाही. तुम्हाला कुठला आजार आहे हे या लेखातून कळणार नाही. योग्य डॉक्टरसमोर योग्य माहिती घेऊन कसं पोचायचं, एवढंच मी सांगू शकते.

१. आधी हे पाहा: यातलं काही असेल तर वाट पाहू नका

- पाय अचानक गार, पांढरा किंवा निळा पडला आहे.
- मधुमेह आहे आणि पाऊल लाल, गरम, सुजलेलं आहे. दुखत नसलं तरीही. अशा पायावर चालत राहिलं तर आतली हाडं ढासळू शकतात.
- मधुमेहात पायाला जखम आहे आणि ती भरत नाही.
- ताप आहे आणि सांधा सुजला आहे.
- एकाच पायाची पोटरी सुजून दुखते आहे. त्यासोबत धाप लागत असेल तर सरळ मोठं रुग्णालय गाठा.
- पायांत बधिरपणा आहे, बसायच्या जागी संवेदना कमी झाली आहे, आणि लघवी किंवा शौचावरचा ताबा जातो आहे. हे पाठीच्या कण्यातलं असतं आणि इथे तासांचा हिशोब असतो.

यातलं काहीच नसेल तर पुढच्या पायऱ्यांना वेळ द्या.

२. एका बोटाने जागा दाखवा

'पाय दुखतो' या दोन शब्दांवरून कुणालाच काही कळत नाही. एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. शांत बसा, पाय मांडीवर घ्या आणि एका बोटाने दाबत दाबत जागा शोधा. सापडली की पेनाने तिथे खूण करा आणि मोबाईलवर फोटो काढा. डॉक्टरांकडे गेल्यावर नेमकं त्या दिवशी दुखत नसतं, असं फार वेळा होतं. तेव्हा हा फोटो उपयोगी पडतो.

जागेवरून डॉक्टरांच्या मनात पहिला विचार काय येतो, हे ढोबळमानाने असं:

टाचेच्या तळाशी, आतल्या कडेला दुखत असेल आणि सकाळी पहिल्या पावलाला सणक येत असेल, तर तळव्याचा पट्टा (टाचेपासून बोटांकडे जाणारा) ताणलेला असण्याची शक्यता जास्त. टाचेच्या मागे, पोटरीची जाड शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) जिथे हाडाला मिळते तिथे दुखणं वेगळं, त्याचा व्यायामही वेगळा. दोन्ही बाजूंनी टाच तळहातांत धरून दाबल्यावर जोरात दुखलं तर हाडाला बारीक तडा गेला आहे का, ते पाहावं लागतं. तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मध्ये चपलेत खडा अडकल्यासारखं वाटत असेल तर तिथला मज्जातंतू जाड झालेला असू शकतो. अंगठ्याच्या मुळाशी मध्यरात्री अचानक आग, सूज, पांघरुणाचा स्पर्शही नको, हे युरिक ॲसिडच्या संधिवातात दिसतं. दोन्ही पावलांचे पुढचे चवडे दुखतात आणि सकाळी अर्धा-एक तास आखडलेले राहतात, तर आमवाताकडे लक्ष द्यायला हवं. आणि माझ्यासारखं, बोटाने एक जागा दाखवताच येत नसेल, सगळा तळवा जळत असेल, तर प्रश्न हाडापेक्षा मज्जातंतूचा असण्याची शक्यता अधिक.

जागा दाखवता न येणं हीसुद्धा माहिती आहे. 'सगळीकडेच दुखतं' म्हणायला मी लाजत होते. डॉक्टरांना ते खोटं वाटेल असं मला वाटायचं.

३. दोन आठवडे वही ठेवा

शंभर पानी वही पुरे. मोबाईलमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण डॉक्टरांसमोर उघडायला कागद बरा. रोज चार गोष्टी लिहा: कधी दुखलं, कसं दुखलं, त्याआधी काय करत होतात, आणि कशाने कमी झालं.

'कसं' लिहिताना आपल्या भाषेतले शब्द बिनधास्त वापरा. ठणका वेगळा, आग वेगळी, मुंग्या वेगळ्या, चमक वेगळी, कळ वेगळी. आग, मुंग्या, सुई टोचल्यासारखं, वीज गेल्यासारखं हे शब्द आले की चांगला डॉक्टर मज्जातंतूचा विचार करतो. ठणका आणि सूज म्हटलं की सांध्याचा. चालताना पोटरी किंवा तळवा आवळतो आणि दोन मिनिटं उभं राहिलं की थांबतं, असं असेल तर रक्तपुरवठ्याचा. रात्री पाय पलंगाखाली लोंबता सोडल्यावर बरं वाटत असेल तर तेही आवर्जून लिहा, विशेषतः विडी, सिगारेट किंवा तंबाखूची सवय असेल तर. ही सवय डॉक्टरांपासून लपवू नका.

माझ्या वहीतलं एक पान असं होतं: 'मंगळवार. दिवसभर पाच तास उभी. संध्याकाळी सहापासून तळव्यात मुंग्या. रात्री दीड वाजता आगीने जाग. पाय गार फरशीवर ठेवला, वीस मिनिटांनी झोप. सकाळी काही नाही.' अशी चौदा पानं झाल्यावर दोन रविवार वेगळे उठून दिसले. त्या दोन्ही रात्री मी सलग झोपले होते. उभं राहण्याचा संबंध मला तेव्हा पहिल्यांदा कळला.

सोबत हेही लिहून ठेवा: दुखणं सुरू होण्याआधीच्या महिन्याभरात काय बदललं? नवी चप्पल, नवीन फरशी, वजन, लांबची चाल, पाय मुरगळणं, चिकुनगुनियासारखा ताप, नवं औषध. आमच्या शेजारचे काका वारी करून आले आणि पाऊल दुखू लागलं. पहिल्या आठवड्यातला एक्स-रे स्वच्छ होता, म्हणून ते चालतच राहिले. तीन आठवड्यांनी परत काढल्यावर हाडात तडा दिसला. असा तडा सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही. त्यांनी वारीचा उल्लेख पहिल्या भेटीत केलाच नव्हता, कारण वारीने पाय दुखू शकतो हे त्यांना मान्य नव्हतं.

४. घरी करता येतील अशा चार गोष्टी

घरातल्या कुणालातरी मदतीला घ्या.

एक, भिंतीला हलका हात लावून एका पायाच्या चवड्यावर उभं राहा आणि टाच उचला. मग दुसऱ्या पायावर. एक टाच उचलतच नसेल, किंवा मागून पाहताना एक घोटा आत कललेला दिसत असेल, तर डॉक्टरांना सांगा.

दोन, जुन्या चपलांचे तळ पाहा. एकीचाच एक कोपरा झिजला असेल तर ती जोडी सोबत न्या.

तीन, डोळे मिटून बसा आणि कुणालातरी कापसाच्या बोळ्याने दोन्ही पायांना ठिकठिकाणी हलकेच स्पर्श करायला सांगा. कुठे कळत नाही, ते लिहा.

चार, अंगावर कुठे फिकट किंवा लालसर चट्टा आहे का आणि तिथे स्पर्श कमी कळतो का, हे पाहा. हे मी मुद्दाम लिहिते आहे. तळव्याकडे जाणारा हा मज्जातंतू कुष्ठरोगातही अनेकदा बाधित होतो आणि आपल्याकडे तो आजार संपलेला नाही. लाज किंवा भीतीपोटी लोक हे सांगत नाहीत आणि पाऊल कायमचं बधिर होतं. सरकारी केंद्रात औषध मोफत मिळतं, प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांचा कोर्स असतो, आणि वेळेत घेतला तर आजार बरा होतो.

५. एक फाईल तयार करा

माझे कागद तीन पिशव्यांत होते. त्यामुळे प्रत्येक नवा डॉक्टर पुन्हा एक्स-रेपासून सुरुवात करायचा. फाईलमध्ये हे असू द्या:

- सगळे केसपेपर, तारखेप्रमाणे, सगळ्यात जुना खाली
- रक्ताचे रिपोर्ट
- एक्स-रे आणि एमआरआयच्या फिल्म किंवा सीडी. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही, तज्ज्ञाला चित्र स्वतः पाहायचं असतं
- चालू औषधांची यादी, त्यात आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, टॉनिक, गोळी, चूर्ण सगळं
- आतापर्यंत काय काय करून पाहिलं आणि त्याने किती दिवस फरक पडला
- वहीची पानं आणि पायाचे फोटो
- आधार कार्ड, रेशन कार्ड, विमा असेल तर त्याचे कागद

सगळ्यात वर एका पानावर दहा ओळींत तुमची हकीकत. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरकडे पाचच मिनिटं असतात आणि ते हे पान खरोखर वाचतात.

६. कुणाकडे जायचं, आणि कुठल्या क्रमाने

आपल्याकडे फक्त पावलाचा डॉक्टर हा प्रकार सर्रास मिळत नाही. मोठ्या शहरांत पाऊल आणि घोट्याचे खास काम करणारे अस्थिरोगतज्ज्ञ आहेत, तालुक्याला नाहीत. म्हणून सुरुवात तुमचं अंग ओळखणाऱ्या फॅमिली डॉक्टरकडून करा. मधुमेह, थायरॉईड, बी-१२, युरिक ॲसिड यांची प्राथमिक छाननी तिथेच होते.

एका ठरावीक जागेवर, वजन टाकल्यावर दुखतं: अस्थिरोगतज्ज्ञ. आग, मुंग्या, बधिरपणा: न्यूरोलॉजिस्ट. सकाळचा आखडलेपणा, सूज, एकाहून जास्त सांधे, किंवा तरुण वयात दोन्ही टाचा आणि कंबर एकत्र दुखणं: संधिवाततज्ज्ञ. चालताना आवळणं, गार पाऊल, नाडी न लागणं: रक्तवाहिन्यांचे सर्जन. फिजिओथेरपिस्ट या सगळ्यांच्या जोडीला. माझ्या अनुभवात पाय हातात घेऊन सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच पाहिला.

खर्चाचं: राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत, पण तिथेही दर खासगीपेक्षा पुष्कळ कमी असतात आणि सगळे विभाग एका आवारात मिळतात. ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

७. तपासण्या: कशात काय दिसतं आणि काय दिसत नाही

*एक्स-रे.* हाडं दिसतात. मज्जातंतू, पट्टे, शिरा नाहीत. टाचेची चोच दिसली म्हणजे कारण मिळालं असं नाही, ज्यांना काहीच दुखत नाही अशा पुष्कळ लोकांतही ती असते. पाऊल टेकून, उभं राहून काढलेला एक्स-रे झोपून काढलेल्यापेक्षा जास्त सांगतो. तसा काढतील का, असं विचारा.

*रक्त.* तीन महिन्यांची साखर म्हणजे एचबीए१सी. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पातळी, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. पायांची आग उंबरठ्यावरही सुरू होऊ शकते. बी-१२ शाकाहारी लोकांनी आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांनी नक्की तपासावं, तेही बी-१२ च्या गोळ्या सुरू करण्याआधी. नाहीतर आकडा चांगला येतो आणि मूळ कारण झाकलं जातं. युरिक ॲसिड ऐन दुखण्याच्या वेळी नॉर्मल येऊ शकतं, म्हणून एका रिपोर्टवर निकाल लावू नका. एचएलए-बी२७ (संधिवाताच्या काही प्रकारांशी जोडलेली रक्ततपासणी) सारखी तपासणी स्वतःहून करू नका. निरोगी माणसांतही ती पॉझिटिव्ह येते आणि उगाच झोप उडते.

*सोनोग्राफी.* पट्टा जाड झालाय का, शिरेला सूज आहे का, गाठ आहे का, हे कमी खर्चात कळतं. माझी गाठ इथेच सापडली. अट एकच, करणाऱ्याला पावलाच्या सोनोग्राफीची सवय हवी.

*एनसीव्ही.* मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो, याची ही तपासणी. छोटे झटके बसतात, सहन होतात. त्या दिवशी पायाला तेल किंवा मलम लावू नका आणि पाय गार पडू देऊ नका, गार पायात वेग कमी येतो. आणि ही नॉर्मल आली तरी मज्जातंतू ठणठणीत असल्याची खात्री होत नाही. अगदी बारीक तंतूंचा बिघाड यात दिसतच नाही, घोट्याजवळचा दाबही कधीकधी निसटतो.

*एमआरआय.* कुठल्या भागाचा, हे महत्त्वाचं. माझा पहिला एमआरआय कमरेचा झाला. त्यात मणक्यांमधली एक गादी थोडी सरकलेली दिसली. माझ्या वयाच्या, काहीही न दुखणाऱ्या अनेकांत तशी दिसते, हे मला नंतर कळलं. पण त्या रिपोर्टमुळे पुढचे आठ महिने मी कमरेचे उपचार घेत राहिले. डॉक्टरांनी एमआरआय लिहिला की विचारा: 'यात तुम्ही काय शोधताय? आणि ते नाही सापडलं तर पुढे काय?'

*दंड आणि घोट्याच्या रक्तदाबाची तुलना.* साधी तपासणी, मिनिटांत होते. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागून आकडा ०.९ किंवा त्याखाली आला तर पायाकडे रक्त कमी जातंय.

शेवटी जिने उत्तर दिलं ती तपासणी यातली कुठलीच नव्हती. एका तरुण डॉक्टर मुलीने वही वाचली, मोजा काढायला लावला आणि घोट्याच्या आतल्या हाडामागे बोटाने टकटक केलं. तळव्यात अंगठ्यापर्यंत वीज गेली. सोनोग्राफी त्यानंतरची.

८. हे सापळे टाळा

टाचेत वारंवार स्टेरॉइडचं इंजेक्शन. एखादं, निदान पक्कं असताना, उपयोगी पडू शकतं. पुन्हा पुन्हा घेतल्याने टाचेखालची चरबीची गादी पातळ होऊ शकते, पट्टा फाटूही शकतो. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते, हे आधी माहीत हवं. माझं दुसरं इंजेक्शन पहिल्याचा काडीचाही उपयोग झाला नसताना दिलं गेलं, आणि मी 'कशासाठी?' असं विचारलं नाही.

दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने. पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब तिघांवर परिणाम होतो.

नाव नसलेल्या पुडीतलं चूर्ण, ज्याने दोन दिवसांत चमत्कार होतो. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. बंद केल्यावर दुखणं दुप्पट येतं आणि निदानही झाकोळतं.

बधिर पायाला गरम पाण्याचा शेक. चटका कळत नाही, फोड येतो. पाणी आधी कोपराने तपासा, किंवा दुसऱ्या कुणाला पाहायला सांगा.

एकाच वेळी पाच उपाय. चप्पल, गोळी, मालिश, व्यायाम सगळं सोमवारीच सुरू केलं तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही. एका वेळी एक, निदान तीन आठवडे.

आणि दर महिन्याला डॉक्टर बदलणं. मी ते केलं. प्रत्येकाने पहिल्यापासून सुरुवात केली, त्यामुळे दुसऱ्या पायरीवर कुणीच पोचलं नाही.

९. डॉक्टरांसमोर

सुरुवात निदानाने करू नका. 'माझी टाच वाढलीय' म्हणून मी पाच दवाखान्यांत स्वतःच चुकीची दिशा दाखवली. 'रात्री तळव्याची आग होते, दिवसभर उभं राहिलं की वाढते, सकाळी नसते' एवढंच म्हणा आणि पान पुढे करा. पायमोजे काढून, सलवार किंवा पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर सरकवता येईल अशी घालून जा. पायाला हात न लावता औषध लिहिलं जात असेल तर नम्रपणे म्हणा, 'सर, एकदा पाय बघता का?'

निघण्याआधी तीन प्रश्न विचारा: तुम्हाला काय वाटतंय? आणखी काय असू शकतं? किती आठवड्यांत फरक पडला नाही तर परत येऊ? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर केसपेपरवर लिहून घ्या.

१०. नाव मिळाल्यावर, आणि न मिळाल्यास

खरंच तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं निघालं तर धीर धरा. पोटरी आणि तळव्याचे ताण देणारे व्यायाम, घरातही एमसीआरची (बारीक छिद्रांच्या रबराची) मऊ चप्पल, उभं राहण्यात खंड. बहुतेक लोक वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरे होतात. घरभर फरशीवर अनवाणी चालण्याची आपली सवय तेवढे महिने बाजूला ठेवावी लागते. देवघरासाठी वेगळी धुतलेली जोडी ठेवता येते, आमच्या सासूबाईंनीच ती सुचवली.

माझी गाठ ऑपरेशनने काढली. रात्रीची आग काही आठवड्यांत गेली. करंगळीच्या बाजूचा थोडा बधिरपणा राहिला आहे. मज्जातंतू फार काळ दाबला गेला की तो पूर्ण सावरेलच असं नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

सगळं करूनही नाव मिळालं नाही, तर त्याच डॉक्टरांकडे तीन महिन्यांनी पुन्हा जा. संधिवाताचे काही प्रकार सुरुवातीला फक्त टाचेत असतात, सूज आणि रक्तातले बदल नंतर दिसतात. दुखापतीनंतर पायाचा रंग, घाम, तापमान बदलत असेल आणि नुसत्या स्पर्शानेही आग होत असेल, तर त्या प्रकाराला वेगळं नाव आणि वेगळे उपचार आहेत, तिथे लवकर फिजिओथेरपी सुरू होणं फार महत्त्वाचं. मोठ्या रुग्णालयांत वेदना-व्यवस्थापनाचा विभाग असतो, कारण सापडण्याआधीही तिथे झोपेपुरता आराम मिळवून देतात. तिथे जाताना वही न्या. मधल्या तीन महिन्यांत रोज लिहिणं जमत नसेल तर दर रविवारी एक ओळ पुरते: आठवड्यात किती रात्री जाग आली, आणि न थांबता किती चालता आलं.